डब्यावर देश लिहिलाय, क्वालिटी कुठे लिहिलीय?

पार्ट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलाय?" जर्मन म्हटलं की डोळे झाकून घ्यायचा, जपानी म्हटलं की मान डोलवायची आणि चायना म्हटलं की तोंड वाकडं करायचं. मीही बरीच वर्षं हेच केलं. माझं काम मशीन मेंटेनन्सचं, बेअरिंग, बोल्ट, सील, चेन हेच दिवसभर हातात, आणि आता मी देश बघतच नाही असं नाही, बघतो, पण सगळ्यात शेवटी बघतो. त्याच्या आधी काय काय बघतो ते लिहितोय, ज्यांनी नुकतंच पार्ट खरेदीचं काम अंगावर घेतलंय त्यांना उपयोग होईल.

आधी माझी फजिती. एका ब्लोअरची बेअरिंग बदलायची होती, ६२०५ नंबरची. नावाजलेल्या कंपनीचा डबा, चकचकीत स्टिकर, खाली युरोपातल्या देशाचं नाव. बसवली आणि तिसऱ्या आठवड्यात घरघर सुरू. काढून टेबलावर ठेवली, ग्रीस पुसायला म्हणून कापडावर थोडा थिनर घेतला आणि बाहेरच्या रिंगवरून फिरवला तर ग्रीसबरोबर नंबर पण गेला, कंपनीचं नाव पण गेलं, आणि देशाचं नाव तर सगळ्यात आधी गेलं. रिंग कोरी! म्हणजे मी ज्या देशाचे पैसे मोजले होते तो देश कुठल्यातरी छापखान्यात तयार झाला होता.

तर पहिली गोष्ट हीच, की शिक्का म्हणजे शाई आहे. आणि खरा शिक्का असला तरी तो नेमकं काय सांगतो हे बहुतेकांना माहीतच नसतं.

"मेड इन" म्हणजे नक्की काय, तर बहुतेक देशांच्या नियमात त्याचा अर्थ साधारण असा की वस्तूवर शेवटची मोठी, तिचं रूप बदलणारी प्रक्रिया जिथे झाली तो देश. स्टील कुठे वितळलं, फोर्जिंग कुठे झालं, हीट ट्रीटमेंट कोणी केली हे सगळं त्या तीन शब्दांत मावत नाही. एका बेअरिंगच्या रिंगा एका देशात घडवलेल्या, बॉल दुसऱ्याकडून घेतलेले, केज (बॉल जागेवर धरणारी जाळी) तिसरीकडची आणि ग्रीस चौथीकडचं असू शकतं. अमेरिकेत नियम जरा कडक आहे, तिथे "मेड इन यूएसए" बिनशर्त लिहायचं तर जवळजवळ सगळंच तिथलं लागतं. उलट घड्याळांचं बघा, ज्या "स्विस मेड" वर लोक जीव टाकतात त्याचा नियम २०१७ पासून असा आहे की उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा, म्हणजे बाकीचा ४० टक्के बाहेरचा असला तरी शिक्का कायदेशीर. यात फसवणूक काही नाही, पण आपण डोक्यात जे चित्र रंगवतो ते आणि शिक्का जे सांगतो ते यात बरंच अंतर आहे.

दुसरा गोंधळ कंपनीचा देश आणि कारखान्याचा देश यातला. एसकेएफ ही १९०७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेली कंपनी, पण तिचे कारखाने कितीतरी देशांत आहेत आणि रिंगवर ज्या कारखान्यात बनली त्या देशाचं नाव येतं. एनएसके, एनटीएन जपानी, एफएजी जर्मन, टिमकेन अमेरिकन, सगळ्यांचं हेच. लोक काय करतात, स्वीडिश कंपनीच्या बेअरिंगवर दुसऱ्याच देशाचं नाव दिसलं की "डुप्लिकेट आहे" म्हणून परत करतात, आणि जिच्यावर "स्वीडन" असं ठळक छापलंय ती खुशीत घेऊन जातात. अहो, नकली बनवणाऱ्याला तुम्ही काय शोधताय हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, तो तेच छापणार ना.

आता देशांच्या नावलौकिकाबद्दल थोडं, कारण ही भानगड जुनी आहे. १८८७ साली ब्रिटनने कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकायला लावलं, आणि त्याचा मुख्य रोख जर्मन मालावर होता, कारण जर्मनीतल्या सुऱ्या-कात्र्या शेफिल्ड या सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध ब्रिटिश शहराच्या नावावर खपवल्या जात होत्या. म्हणजे "मेड इन जर्मनी" हा शिक्का जन्माला आला तो गिऱ्हाईकाला सावध करायला! जपानचंही तसंच, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू असंच समजलं जायचं. मग १९५० मध्ये डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ तिथे जाऊन इंजिनिअर आणि मालकांना प्रोसेसवर आकड्यांनी कंट्रोल कसा ठेवायचा हे शिकवून आले, जपान्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने क्वालिटीचं बक्षीस सुद्धा सुरू केलं.

यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा फोर्डचा आहे आणि तो जरा सावकाश वाचा, कारण पार्टच्या क्वालिटीचं मर्म त्यात आहे. १९८० च्या दशकात फोर्ड एकाच ड्रॉइंगवरून एकच ऑटोमॅटिक ट्रान्समिशन दोन ठिकाणी बनवून घेत होती, काही अमेरिकेतल्या स्वतःच्या प्लांटमध्ये आणि काही जपानमध्ये माझदाकडे. जपानहून आलेल्यांच्या तक्रारी कमी यायला लागल्या. फोर्डने दोन्हीकडचे उघडून मापं घेतली. अमेरिकन पार्ट खराब होते का? नाही, ते पण टॉलरन्सच्या, म्हणजे ड्रॉइंगने मापात दिलेल्या सुटीच्या, आतच होते! फरक एवढाच की ते टॉलरन्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले होते आणि माझदाचे सगळे मधल्या मापाला चिकटून होते. आता विचार करा, शाफ्ट जाडीच्या वरच्या टोकाला आणि भोक खालच्या टोकाला असं जोडपं एकत्र आलं की फिट घट्ट, उलटं आलं की ढिलं, आणि अशा दहा जोड्या एका गिअरबॉक्समध्ये. दोन्ही पार्ट इन्स्पेक्शनमध्ये पास, पण जोडल्यावर एक आवाज करतो आणि एक करत नाही.

हे वाचून वाटेल की बघा, शेवटी जपान तो जपान. थांबा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक प्लांट होता, कामाच्या बाबतीत बदनाम, गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या, तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनी मिळून तोच प्लांट परत चालू केला, बरेचसे कामगार तेच, युनियन तीच, फक्त काम करायची पद्धत टोयोटाची. थोड्याच काळात तिथल्या गाड्या क्वालिटीमध्ये जपानच्या प्लांटच्या जवळपास जाऊन पोचल्या. माणसं तीच, देश तोच, जमीन सुद्धा तीच. म्हणून मी म्हणतो की देश हा फार तर अंदाज आहे, काम कसं होतं आणि कुणाच्या जबाबदारीवर होतं ते बघायचं.

अंदाज अगदीच टाकाऊ आहे असं पण नाही हां. काही ठिकाणी चांगली स्टील मिल, चांगला हीट ट्रीटमेंटवाला, टूल बनवणारा हे सगळे शेजारी शेजारी असतात आणि त्याचा फायदा मालाला मिळतोच. काही देशांत खोटा शिक्का मारला तर खरंच कोर्टात खेचतात. पण ज्या देशाला आपण नाकं मुरडतो तिथलाच एखादा कारखाना मोठ्या कंपन्यांना उत्तम माल देत असतो आणि तोच कारखाना दुसऱ्या गिऱ्हाईकाला, "कितीत बसवायचंय ते सांगा" म्हणून, हलक्या स्टीलचा माल पण देतो. जो ऑर्डर देतो त्याने काय मागितलं आणि आल्यावर काय तपासलं यावर सगळं ठरतं.

आता कामाचं. बेअरिंगपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त फसवणूक मी तिथेच पाहिलीय.

आधी नंबर नीट वाचा. ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, मिळतो, २५ मिमी (हे ०४ पासून पुढे चालतं, ००, ०१, ०२, ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५, १७). ६२०५ ची मापं २५ बाय ५२ बाय १५, कुठल्याही कंपनीची, कुठल्याही देशाची. नंबरच्या पुढची अक्षरं मात्र प्रत्येकाची वेगळी, दोन्ही बाजूंना रबर सील म्हणजे कुणी टूआरएस लिहितो, एनएसके डीडीयू लिहिते, एनटीएन एलएलयू लिहिते, वस्तू तीच. सी३ असेल तर आतला क्लिअरन्स (बॉल आणि रिंगमधली मोकळी जागा) मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त ठेवलेला असतो, कारण मोटर गरम झाली की आतली रिंग फुगते. हातात घेऊन हलवली की ती थोडी ढिली वाटते आणि लोक म्हणतात "बघा, चायना!" आणि घट्ट वाटणारी घेऊन जातात, आणि ती गरम झाल्यावर जाम होते.

बोटावर गरकन फिरवून बघायची पण एक खोड आहे. जास्त वेळ फिरली ती भारी! खरं तर आत ग्रीस नीट भरलेलं असेल आणि सील रिंगला टेकत असेल तर ती पटकन थांबणारच. जी पंख्यासारखी फिरत राहते तिच्यात ग्रीस कमी असायची शक्यता जास्त. फिरवायचीच तर हळू फिरवा, कानाशी धरा, आणि बोटाला खरखर किंवा एका जागी अडकल्यासारखं लागतंय का बघा.

थिनरचा प्रयोग तर कराच, पण पैसे द्यायच्या आधी, माझ्यासारखा नंतर नाही. लेझरने किंवा कोरून केलेलं मार्किंग पुसलं जात नाही. अक्षरं सरळ रेषेत आहेत का, दोन डबे शेजारी ठेवले तर दोन्हीवरचं मार्किंग एकसारखं आहे का, डब्यावरचा नंबर आणि रिंगवरचा नंबर अक्षरासकट जुळतो का हे बघा. मोठ्या कंपन्यांची तपासणीची मोबाईल ॲप पण आहेत, डब्यावरचा कोड स्कॅन करायचा किंवा फोटो काढून पाठवायचा, दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी कोणी करत नाही.

माप घेताना एक लक्षात ठेवा. साध्या वर्नियरचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन, आणि २५ मिमी बोअरच्या नॉर्मल क्लासच्या बेअरिंगला बोअरमध्ये सूट असते शून्य ते उणे १० मायक्रॉन. तेव्हा वर्नियर लावून "बरोबर आहे" म्हणणं म्हणजे ताकाच्या लोट्यातून विहिरीची खोली मोजण्यासारखं आहे. वर्नियरने फक्त ढोबळ चोरी पकडता येते, बाकीला मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतात. आणि कोणी "एबेक ७ आहे" म्हणून छाती फुगवली तर हुरळून जाऊ नका, एबेक हा आकड्यांचा क्लास आहे, माप आणि फिरण्यातली अचूकता सांगतो, स्टील कसलं, ग्रीस कुठलं, आवाज किती याच्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

स्टीलचीही गंमत आहे. बेअरिंगचं नेहमीचं स्टील साधारण १ टक्का कार्बन आणि १.५ टक्का क्रोमियमचं, अमेरिकेत त्याला ५२१०० म्हणतात, जर्मनीत १०० सीआर ६, जपानमध्ये एसयूजे २ आणि चीनमध्ये जीसीआर १५. चार देश, चार नावं, आणि कागदावर जवळपास एकच स्टील. फरक पडतो तो त्यात ऑक्सिजन आणि घाण किती राहिली त्यात, कारण रेसच्या, म्हणजे रिंगमधल्या ज्या खाचेत बॉल फिरतात तिच्या, पृष्ठभागाखाली एखादा बारीक कण राहिला की हजारो-लाखो फेऱ्यांनी तिथूनच तडा सुरू होतो आणि पापुद्रा उडतो. हे डोळ्याने दिसत नाही, देशाच्या नावावरून तर नाहीच नाही. म्हणूनच बेअरिंगमध्ये तरी कंपनीच्या अधिकृत डीलरकडूनच घ्यायची हा माझा हट्ट आहे.

बोल्टचं प्रकरण वेगळं, तिथे डोक्यावरच सगळं लिहिलेलं असतं आणि वाचणारे कमी. ८.८ म्हणजे पहिला आकडा गुणिले १००, ८०० एमपीए (मेगापास्कल) ताणाची ताकद, आणि पॉइंटनंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा ताणायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. या आकड्याच्या शेजारी बनवणाऱ्याची खूण पाहिजे, दोन अक्षरं, एखादं चिन्ह, काहीही. ज्या बोल्टवर ग्रेड आहे पण बनवणाऱ्याची खूण नाही तो मी जोखमीच्या जागी लावत नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो, कारण ज्याने सही केली नाही त्याला जाब कसा विचारणार.

हे उगाच नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत मोठं प्रकरण झालं होतं, ग्रेड ८ चे (ही अमेरिकेतली वेगळी श्रेणी, वरचा ८.८ चा हिशोब इथे लागत नाही) म्हणून आलेले बरेच बोल्ट प्रत्यक्षात कमी कार्बनच्या बोरॉन स्टीलचे, ८.२ ग्रेडचे निघाले. थंड असताना ताकद जवळपास तीच, टेस्टमध्ये पास, पण गरम जागी लावले की ढिले पडायचे. त्यातून १९९० मध्ये तिथे बोल्टच्या क्वालिटीसाठी वेगळा कायदाच करावा लागला. लक्षात घ्या, खोटं ग्रेडच्या खुणेत होतं, आणि माल पुरवठ्याच्या साखळीत कोणीच नमुना गरम करून बघितला नव्हता.

आणि १२.९ चा चकचकीत झिंक प्लेटिंगवाला बोल्ट कोणी दिला तर सावध व्हा. इतक्या कडक स्टीलला इलेक्ट्रोप्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो, प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तासनतास तापवून तो काढायचा असतो. ती पायरी गाळली तर बोल्ट टॉर्क देताना काहीच कुरकुर करत नाही आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोकं आपोआप उडून पडतं. काळा, तेलकट १२.९ दिसायला गरीब पण निर्धास्त. स्टेनलेसला लोहचुंबक लावून "चिकटला म्हणजे नकली" म्हणणारे पण खूप आहेत, तर ३०४ सारखं स्टेनलेस थंड अवस्थेत ठोकून बोल्ट बनवला की थोडं चिकटतंच, त्यावरून निकाल देऊ नका.

लॉट आला की मी वरचे पाच नग घेत नाही, डब्याच्या तळापासून, मधून, कोपऱ्यातून असे उचलतो. पाचही बोल्टवर नट हाताने फिरवतो, शेवटपर्यंत सारखा जातोय का बघतो. पाचांची मापं लिहून काढतो. पाच आकडे जवळजवळ असले की मला बरं वाटतं, एक २० मायक्रॉन इकडे आणि एक ३० तिकडे असला की मग तो टॉलरन्समध्ये असला तरी माझ्या मनात फोर्डचा गिअरबॉक्स वाजायला लागतो. जमलं तर एक नग बळी द्या, व्हाइसमध्ये धरून वाकवा, कापा, हार्डनेस बघा.

रबराचं थोडक्यात. ऑईल सील, ओ-रिंग, बेल्ट यांच्यात देशापेक्षा मटेरियल आणि तारीख बघा. नायट्राइल साधारण १०० डिग्रीपर्यंत, त्याच्या वर गेलात तर एफकेएम (जास्त उष्णता सोसणारं रबर) पाहिजे, दोन्ही काळेच असू शकतात त्यामुळे रंगावर जाऊ नका. जगातलं सगळ्यात भारी सील सुद्धा सात वर्षं उन्हात टांगलेलं असेल तर ते कामाचं नाही. ओठ बोटाने दुमडा, बारीक भेगा दिसल्या तर परत.

कागद मागायला लाजू नका. आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट भिंतीवर असणं म्हणजे तुमच्या हातातला पार्ट तपासलाय असं नाही, ते कारखान्याच्या कारभाराचं आहे. स्टीलसाठी ३.१ सर्टिफिकेट मागा, त्यात त्याच लॉटच्या टेस्टचे आकडे असतात, २.१ मध्ये नुसतं "ऑर्डरप्रमाणे दिलंय" एवढंच असतं. आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टील ज्या एका वितळणीतून आलं तिचा नंबर) मालावर आहे का ते बघा, कित्येकदा कागद एका मालाचा आणि माल भलताच असतो.

हे सगळं प्रत्येक पार्टसाठी करायचं का? नाही हो, वेड लागेल. गेटच्या बिजागरीचा बोल्ट कुठलाही घ्या. जिथे तुटलं तर माणूस मरेल, ब्रेक, स्टिअरिंग, लिफ्ट, उचलायचे हुक, तिथे खूण, लॉट नंबर, कागद आणि माग काढता येईल असा पुरवठादार या चारातलं एक जरी कमी असेल तर घेऊच नका. मधल्या पार्टसाठी आधी थोडे नग मागवा, लावल्याची तारीख आणि लॉट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुमच्याकडे स्वतःचा आकडा असेल.

शेवटचं एक, हे आम्हाला उशिरा कळलं. पार्ट लवकर गेला की फेकायचा नाही, कापून आत बघायचं. बेअरिंग मरायची कारणं बघितली तर घाण, चुकीचं किंवा कमी ग्रीस आणि बसवतानाची चूक यांचा वाटा मोठा असतो. एका पंपाची बेअरिंग दोनदा गेली, दोन्ही वेळा चांगल्या जपानी कंपनीची, अधिकृत डीलरकडून घेतलेली, आणि आम्ही सगळे म्हणायला लागलो की आता जपानचं पण काही खरं राहिलं नाही. तिसऱ्या वेळी ग्राइंडरने रिंग कापली, धुतली, उजेडात धरली तर रेसवर ओळीने खळगे, बरोबर एका बॉलपासून दुसऱ्या बॉलएवढ्या अंतरावर. शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर जोर द्यायच्या ऐवजी बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला होता, तो सगळा मार बॉलमधून रेसवर उतरला होता. हातोडा माझाच. त्यानंतर आतल्या रिंगच्या मापाचा पाइपचा एक तुकडा कापून घेतला, दोन्ही तोंडं लेथवर सरळ करून घेतली, तो अजून टूलबॉक्समध्ये आहे, आणि त्या पंपात आता जी बेअरिंग चालू आहे ती कुठल्या देशाची ते बघायला मला रजिस्टर उघडावं लागेल.